डॉ. विल्यम केरी आणि त्यांची बाग

डॉ. विल्यम केरी ह्यांचे नाव आमच्या मंडळ्यांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. जोडे शिवून पोट भरणाऱ्या ह्या इंग्रज गृहस्थाने हिंदुस्थानात येऊन अनेक भाषांत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले व करविले, आणि त्या भाषांत आमची मराठीही होती, हे आमचे उपदेशक वेळोवेळी सांगतातच. परंतु ह्याच गृहस्थाने चाळीस वर्षे बागेचा ध्यास धरिला होता, देशोदेशींच्या मित्रांस बियांसाठी व रोपांसाठी पत्रे लिहून लिहून भंडावून सोडले होते, आणि शेवटच्या दुखण्यातही माळ्यास खाटेजवळ बोलावून झाडांची चौकशी केली होती, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत आहे. त्यांच्या चरित्राची ही बाजू आम्ही येथे मुद्दाम देत आहो. एक तर ती खरी आहे. आणि दुसरे असे की आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर दोन फळझाडे सहज जगतील एवढी जागा असून तीत एरंड व घाणेरी ह्यांवाचून काही उगवत नाही.

विल्यम केरी ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप एडमंड हा प्रथम विणकर होता. पुढे त्यास गावच्या शाळेचे पंतोजीपण मिळाले. घरची स्थिती बेताचीच. एडमंडचा भाऊ पीटर हा माळीकाम करीत असे व काही काळ कॅनडात राहून परत आला होता. ह्या चुलत्याच्या सहवासाने मुलास झाडांचा नाद लागला. त्याची निजावयाची खोली किडे, पाखरे व रानातील वनस्पती ह्यांनी भरलेली असे. शेतावर मोलमजुरी करून त्याने पोट भरावे असा घरच्यांचा विचार होता. पण उन्हात गेले की त्याच्या अंगावर त्वचेचा विकार उठे, त्यामुळे ते साधले नाही, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास जोडे शिवण्याच्या धंद्यास लाविले. उन्हास भिऊन ज्यास सावलीत बसविले त्यासच पुढे देवाने बंगालच्या उन्हात नेले, हे पाहून आम्हांस नवल वाटते.

धंदा करता करता त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषा शिकून घेतल्या. १७८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते मोल्टन व नंतर लेस्टर येथील मंडळ्यांचे पाळक झाले, १७९२ साली परराष्ट्रीयांस सुवार्ता सांगण्याच्या कर्तव्याविषयी त्यांनी एक लहानसे पुस्तक छापले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात केटरिंग गावी मिशनरी सोसायटी स्थापन झाली. हा इतिहास वाचकांनी पुष्कळदा ऐकिला आहे, म्हणून तो आम्ही लांबवीत नाही.

१३ जून १७९३ रोजी केरीसाहेब बायकोमुलांसह एका डेनिश जहाजात चढले, ते ११ नोव्हेंबरास कलकत्त्यास उतरले. हे पाच महिने वाचकांनी ध्यानात ठेवावे; त्यांचा संबंध पुढे येणार आहे. कलकत्त्यास पैसा लवकरच संपला. १७९४ सालच्या आरंभी हे कुटुंब सुंदरबनाच्या कडेस, जेथे वाघांचा वावर होता अशा मुलखात, जंगल तोडून भाजीपाला लावण्याच्या खटपटीस लागले. इतक्यात मालदा भागातील मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर देखरेख करण्याचे काम मिळाले आणि ते तिकडे गेले. त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने वारला. दुःखाने व आजाराने पत्नी डोरोथी ह्यांचे मन भ्रमिष्ट झाले, ते त्यांच्या मरणापर्यंत, म्हणजे १८०७ पर्यंत, ताळ्यावर आले नाही.

अशा त्या १७९४ सालात केरीसाहेबांनी विलायतेतील सोसायटीस एक पत्र पाठविले. त्यात त्यांनी कळविले की आपणांस आता निर्वाहापुरते मिळत आहे, तेव्हा आपल्यासाठी पैसे पाठवू नयेत, ते दुसऱ्या मिशनास द्यावेत. मात्र एक मागणी केली. विळे, कोयते, नांगराची चाके अशी शेतीची हत्यारे पाठवावी, आणि दर वर्षी भाज्यांची, फुलांची व फळझाडांची जितक्या जातींची मिळेल तितक्या जातींची बी पाठवावी. बी नवी व कोरडी असावी. ती कागदात, नाहीतर घट्ट बुचाच्या बाटल्यांत भरावी. जी किंमत पडेल ती आपण भरून देऊ. ज्या देशास आपण आता आपला देश म्हणतो त्याचे ह्यात कायमचे हित आहे, असाही त्यांनी अभिप्राय दिला. आम्हांस हे पत्र फार मोलाचे वाटते. परक्या देशात पाऊल ठेवून वर्ष झाले नाही, स्वतःचे अन्न नुकते कोठे नेमाने मिळू लागले आहे, आणि हा मनुष्य पगार नको म्हणतो व फळझाडांची बी मागतो.

सोसायटीच्या मंडळींस मात्र चिंता पडली. निळीच्या कारखान्यात शिरलेला मिशनरी प्रपंचात बुडून जाईल अशी भीती वाटून त्यांनी सावधगिरीची सूचना लिहून धाडिली. केरीसाहेबांस ती लागली. त्यांनी उत्तर दिले की आपण दरिद्रीच आहो, आणि बंगाली व हिंदुस्थानी भाषांत शास्त्र छापून होईपर्यंत दरिद्रीच राहणार. पोटापुरते ठेवून जे उरते ते सुवार्तेच्याच कामी लागते. आमच्यातही असे म्हणणारे आहेत की उपदेशकाने कुदळ हाती धरली की त्याचे वचनावरचे लक्ष उडाले. त्यांनी मदनावतीच्या त्या वर्षांत बंगाली नव्या कराराचे भाषांतर कितपत पुढे गेले हे पाहावे. केरीसाहेब त्या गावाहून निघाले तेव्हा ते जवळजवळ पुरे झाले होते.

येथे कोणी विचारील की त्यांनी बीच का मागितली? फळझाडांची कलमे का मागितली नाहीत? ह्याचे उत्तर त्या पाच महिन्यांच्या समुद्रप्रवासात आहे. कापलेली फांदी ओल्या कपड्यात दोनचार दिवस, फार तर आठवडा दोन आठवडे टिकेल. केप ऑफ गुड होपास वळसा घालणाऱ्या जहाजात, खाऱ्या वाऱ्यात व विषुववृत्ताच्या उष्म्यात ती जगणे जवळजवळ अशक्य. मुळे धरलेली रोपेसुद्धा वाटेत बहुधा मरत. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने काचेच्या बंद पेटीत रोपे जिवंत राहतात हे शोधून काढले व तशा पेट्या १८३३ साली ऑस्ट्रेलियास पाठवून पाहिल्या. त्यानंतर केरीसाहेब एकच वर्ष जगले. म्हणून त्यांस जन्मभर बहुतेक बियांवरच भिस्त ठेवावी लागली, आणि बियांत एक मोठी उणीव आहे, ती शेतकऱ्यास सांगावयास नको. गोड आंब्याची कोय पुरली तरी उगवणारे झाड आईबापांच्या गुणांची सरमिसळ घेऊन येते. बहुधा तो रायवळ आंबाच निघतो, कधी चांगला, कधी आंबटढोण. आणि तो कसा आहे हे कळावयास आठदहा वर्षे लागतात. फांदीपासून केलेले झाड मात्र आईच्याच देहाचा तुकडा असते. फळ तेच, रंग तोच, रस तोच, आणि तेही थोड्या वर्षांत. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज लोकांनी गोव्यात आंब्याच्या कलमांचा प्रसार केला, त्यामुळेच हापूस आज सर्वत्र हापूसच आहे. कोयीवर भिस्त ठेविली असती तर ते नाव केव्हाच बुडाले असते.

केरीसाहेबांस जे पाच महिन्यांच्या अंतराने नाकारिले ते आमच्या वाचकांस शेजारच्या गावात मिळते. तेव्हा चरित्र क्षणभर बाजूस ठेवून आम्ही ते कसे आणावे हे सांगतो.

पहिली गोष्ट आईझाडाची. ज्याचे फळ आपण स्वतः दोन तीन हंगाम खाल्ले आहे, जे दर वर्षी धरते, व ज्याच्या पानांवर व सालीवर रोग नाही, अशाच झाडाची फांदी घ्यावी. डाळिंबाच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण तेल्या रोग फांदीबरोबर घरी येतो व मग शेजाऱ्याचीही बाग खातो. मालकास विचारून घ्यावी, हे ख्रिस्ती मनुष्यास सांगावे लागू नये. परंतु चोरून आणलेली फांदी चांगली जगते असा एक समज आमच्या खेड्यांत कोठे कोठे आहे, आणि तो आपल्या लोकांतूनही अजून गेलेला नाही, म्हणून लिहिले.

अंजीर, द्राक्ष व डाळिंब ही झाडे नुसत्या फाट्यापासून होतात. पुरंदर तालुक्यातील अंजिरांच्या बागा अशाच वाढल्या आहेत. मागच्या वर्षी वाढलेली, पक्की झालेली, शिसपेन्सिलीएवढी जाड काडी घ्यावी. तिची लांबी वीतभर व तिच्यावर तीन चार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली द्यावा, कारण मुळे तेथून लवकर फुटतात. वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर द्यावा. खालचा तिरपा व वरचा सरळ कापला म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. आणि उलटी लाविलेली काडी जगली असे आम्ही तरी पाहिले नाही. दोन तृतीयांश काडी सावलीतील भुसभुशीत मातीत पुरून माती पायाने दाबावी व ओल राखावी. पाने फुटली म्हणजे मुळे फुटली असे समजू नये. काडीत साठलेल्या रसावरच पहिली पाने येतात. उपटून पाहण्याचा मोह आवरावा.

पेरू, लिंबू व डाळिंब ह्यांची गुटी बांधावी. पावसाळ्याच्या आरंभी झाडावरच्या पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल बांगडीसारखी सोलून काढावी व आतील बुळबुळीत थर खरवडून टाकावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते व गुटी फुकट जाते. त्या जागी ओले शेवाळ किंवा शेण व माती ह्यांचा गोळा बसवून वर तरट, हल्ली प्लास्टिकचा कागद, सुतळीने घट्ट आवळावा. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरत असते. वाट तुटल्यामुळे ते तेथे थांबते व तेथेच मुळे फुटतात. दीड दोन महिन्यांत मुळ्या दिसू लागल्या की गोळ्याखाली फांदी कापून ती कुंडीत सावलीस ठेवावी. आंब्यास ह्यांपैकी काही चालत नाही. त्यास कोयीपासून केलेला खुंट लागतो, आणि खुंटाचे रोप कुंडीसह आईझाडाच्या फांदीपाशी नेऊन दोघांची साल व थोडे लाकूड दोन अडीच इंच तासून एकमेकांशी भिडवून बांधितात, ह्यास भेट कलम म्हणतात. जोड लागण्यास दोन तीन महिने द्यावे, व मग आईपासून एकदम न तोडता थोडे थोडे कापीत जावे. कोवळ्या कोयीच्या रोपावर काडी बसविण्याची कोय कलमाची रीत आता कोकणात सर्वत्र चालते. ती हाताला सोपी आहे, पण कोणी जाणता प्रत्यक्ष दाखवील तेव्हाच शिकावी.

ह्या ठिकाणी उपदेशक बंधूंसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पौलाने रोमकरांच्या पत्रात अकराव्या अध्यायात रानटी जैतुनाची डहाळी चांगल्या झाडास लाविल्याचा दृष्टांत दिला आहे. आमचे माळी ह्याच्या नेमके उलट करितात; खुंट रानटी घेतात व डहाळी उत्तम जातीची. गावचा एखादा जाणता शेतकरी हे ऐकून हसेल, तेव्हा उपदेशकाने गोंधळू नये. प्रेषितास ते ठाऊक होते. हे सृष्टिक्रमाच्या उलट आहे असे त्याने स्वतःच त्या अध्यायात म्हटले आहे. देवाची कृपा माळ्याच्या रीतीने वागत नाही हाच त्याचा मुद्दा होता.

आता चरित्राकडे वळू. १० जानेवारी १८०० रोजी केरीसाहेब श्रीरामपुरास येऊन राहिले. हे श्रीरामपूर म्हणजे आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे. हुगळी नदीच्या काठचे, कलकत्त्याच्या वरच्या अंगास असलेले हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते, आणि इंग्रज कंपनी मिशनऱ्यांस आपल्या मुलखात राहू देत नसल्यामुळे त्यांस तेथे आसरा मिळाला. मदनावतीस पाच वर्षांत जे लाविले ते तेथेच सोडून यावे लागले. बदली होणाऱ्या उपदेशकांचे गाऱ्हाणे आम्ही पुष्कळदा ऐकितो, की आम्ही लावावे आणि दुसऱ्याने खावे. केरीसाहेबांच्या पत्रांत हे गाऱ्हाणे आम्हांस आढळले नाही. श्रीरामपुरास येताच जोशुआ मार्शमन ह्यांनी शाळा, विल्यम वॉर्ड ह्यांनी छापखाना, आणि केरी ह्यांनी भाषांतराबरोबर बाग पत्करिली. ती पुढे वाढत जाऊन सुमारे पाच एकरांची झाली.

१८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांस पाचशे रुपये पगारावर शिक्षकाची जागा मिळाली, व पुढे हजार झाले. त्यांतील बहुतेक रक्कम मिशनास जाई. तेथे ते बंगाली व संस्कृताबरोबर मराठीही शिकवीत. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापिले, १८१० साली कोश, आणि १८११ साली मराठी नवा करार श्रीरामपुरास छापून निघाला. ह्या कामी वैजनाथ पंडित ह्यांचे त्यांस मोठे साह्य होते. हे सर्व करणारा मनुष्य पहाटे पावणेसहास उठे, हिब्रू शास्त्राचा अध्याय वाची आणि मग एकांतातील प्रार्थनेस बसे. ही प्रार्थना तो पुष्कळदा बागेतच करी. झाडांमधील त्याच वाटेवर सकाळी देवाशी बोलणे व माळ्याशी बोलणे ही दोन्ही होत, आणि एकाने दुसऱ्यास बाट लागतो असे त्यास कधी वाटले नाही. बागेची आखणी वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीने केली होती. तेथील मुख्य माळी हा बंगाली गृहस्थ झाडांची लॅटिन नावे मोठ्या अभिमानाने सांगे.

नावांचा हा आग्रह पोकळ नव्हता. जे झाड कोठून आले व कोणत्या जातीचे हे लिहिलेले नाही, त्याची फांदी दुसऱ्यास देऊन काय उपयोग? आमच्या परसात चांगला पेरू असतो, पण तो कोणी कोठून आणिला हे म्हाताऱ्यांबरोबर जाते. कंपनीच्या शिबपूर येथील बागेचे मुख्य डॉ. रॉक्सबर्ग हे केरीसाहेबांचे स्नेही होते. ते प्रकृतीमुळे देश सोडून गेल्यावर त्यांनी तयार केलेली त्या बागेतील झाडांची यादी केरीसाहेबांनी १८१४ साली श्रीरामपुरास छापिली, आणि त्यांचा हिंदुस्थानातील वनस्पतींवरील मोठा ग्रंथही पुढे संपादून छापून काढिला. रॉक्सबर्ग ह्यांनी आपल्या ह्या मित्राचे नाव वनस्पतींच्या एका कुळास दिले आहे. त्या कुळातील एक वृक्ष आमच्या कोकणात व सह्याद्रीत रानोरान उभा आहे. आमचे लोक त्यास कुंभा म्हणतात. हिवाळ्यात त्याची पाने तांबडी होऊन गळतात व पुढे चेंडूसारखी हिरवी फळे येतात. त्याचे शास्त्रीय नाव केरिया आहे. गुरे राखणारी आमची मुले ज्या झाडाखाली बसतात त्याचे नाव मराठी नव्या कराराच्या भाषांतरकाराचे आहे, हे त्यांस कोणी सांगितलेले नाही.

बी मिळविण्याच्या कामी त्यांची काटकसर पाहण्यासारखी होती. इंग्लंडातील एका मित्राने एकदा बियांची पिशवी पाठविली. बी काढून घेतल्यावर केरीसाहेबांनी पिशवी फेकून दिली नाही. तिच्यात उरलेली माती सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे डेझी नावाचे, इंग्लंडातील गवतात पायांखाली तुडविले जाणारे बारीकसे फूल उगवले. तीस वर्षांत ज्याने आपल्या देशाचे तोंड पाहिले नव्हते त्यास ते पाहून इतका आनंद झाला की त्याने तसे त्या मित्रास लिहून कळविले, आणि पुढे दर वर्षी त्याची बी धरून ते जतन केले. माँटगोमेरी नावाच्या कवीने ह्या प्रसंगावर कविता रचिली आहे.

मुले मिशनकार्यास दूरदूर गेली, तीही ह्या मागणीतून सुटली नाहीत. १८१४ साली जेबेझ नावाचा मुलगा मसाल्याच्या बेटांतील अंबोयना येथे गेला. त्यास बापाने लिहिलेल्या पत्रांत प्रथम आत्म्यांविषयीचा उपदेश आहे आणि मग झाडांविषयीचा. बी पूर्ण पिकल्यावरच काढावी. कांदे व गड्डे पाने वाळल्यावर खणावे. लहान रोपे पेटीत लावून पाठवावी. दुसऱ्या झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती मुळांस इजा न करता सोडवून घ्याव्या, त्या जहाजात टांगून आणिता येतात. पेट्यांचा व वाहतुकीचा खर्च आपण आनंदाने देऊ. दोन सूचना आम्ही आमच्या लोकांस विशेष सांगतो. एक, खर्च देऊ करणे: फुकट मागणाऱ्यास लोक एकदा देतात, खर्च देणाऱ्यास दर वर्षी देतात. दुसरी, बांधणीची काळजी. कलमकाड्या दूर न्यावयाच्या तर पाने छाटून, ओल्या शेवाळात किंवा कपड्यात गुंडाळून वर केळीचे सोपट बांधावे, आणि प्रत्येक जुडीस नावाची चिठ्ठी लावावी. पाण्यात बुडवून नेऊ नयेत, त्या कुजतात.

आपल्या बागेपुरते पाहून त्यांचे समाधान झाले नाही. १८२० साली त्यांनी पत्रक काढून कलकत्त्यास शेती व बागाईत ह्यांच्या सुधारणेसाठी एक सभा स्थापन करविली. एतद्देशीय लोकही तिचे सभासद व्हावेत असा त्यांचा पहिल्यापासून आग्रह होता. त्या काळी युरोपियन लोकांच्या सभांत ही गोष्ट साधी नव्हती. ह्या सभेने परदेशांतून बी व रोपे मागवून वाटली, फळांची व भाज्यांची प्रदर्शने भरविली, आणि उत्तम माल आणणाऱ्या माळ्यांस बक्षिसे दिली. ती संस्था आजही कोलकात्यात अलिपूर येथे आहे.

१८२३ साल मात्र फार कठीण गेले. मार्च महिन्यात वॉर्डसाहेब पटकीने वारले. ऑक्टोबरात केरीसाहेब कलकत्त्याहून उपदेश करून रात्री परतले आणि श्रीरामपूरच्या घाटावर होडीतून उतरताना पाय घसरून पडले. कंबरेस जबर इजा झाली, मागोमाग ताप आला, आणि काही दिवस ते वाचतील अशी आशा उरली नव्हती. ते असे अंथरुणावर असतानाच दामोदर नदीस पूर येऊन पाणी श्रीरामपुरावर पसरले. हुगळीने तीर खचवीत खचवीत त्यांच्या राहत्या घरापर्यंत मजल मारिली, त्यांस तेथून हलवावे लागले, आणि वीस वर्षांत देशोदेशींहून जमविलेली बाग पाण्याखाली जाऊन नष्ट झाली. अकरा वर्षांपूर्वी, १८१२ च्या मार्च महिन्यात, छापखान्यास आग लागून भाषांतरांची हस्तलिखिते जळाली होती. ती त्यांनी पुन्हा लिहिली. आता त्यांचे वय बासष्ट होते, पुढचे काही महिने कुबड्यांवाचून पाऊल टाकिता येईना, आणि त्यांनी पुन्हा बी मागविण्याची पत्रे लिहावयास आरंभ केला.

ह्या वेळी जे परत मिळाले ते बहुतेक मित्रांनी दिले. ज्यांस त्यांनी पूर्वी आपल्या बागेतील रोपे व बी वाटली होती त्यांच्याकडे त्या जाती जिवंत होत्या. आपल्या परसातील उत्तम झाडाची फांदी शेजाऱ्यास न देणाऱ्या गृहस्थांनी ह्याचा विचार करावा. दुष्काळात, वादळात किंवा वाळवीने आपले झाड गेले तर ते परत मागावयास कोणाच्या दारी जाणार? जे आपण दिले असेल तेवढेच.

नवी बाग उठली. १८३१ साली तुफानाने तीही झोडपली, आणि त्यांनी ती पुन्हा सावरली. १८३२ साली बंगाली शास्त्राची शेवटची सुधारलेली आवृत्ती त्यांनी पुरी केली. त्यानंतर शरीर खचत गेले. चालवेना, तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांस बागेत फिरवीत. तेही सोसेना झाले, तेव्हा मुख्य माळ्यास रोज त्यांच्या खोलीत बोलावीत, व तो कोणते झाड कसे आहे हे सांगून हुकूम घेऊन जाई. एके दिवशी त्यांचे मन उदास दिसले. मार्शमनसाहेबांनी कारण विचारिले, तेव्हा ते म्हणाले की मी गेल्यावर तुम्ही बागेत गाई सोडाल. मार्शमन ह्यांस झाडांची आवड नव्हती हे खरे. परंतु ज्या बागेत आपल्या भावाने इतका आनंद मानिला तिचे रक्षण करणे हे मी पवित्र कर्तव्य समजेन, असे आश्वासन त्यांनी दिले, आणि वृद्धाचे मन स्वस्थ झाले. ९ जून १८३४ रोजी सकाळी डॉ. केरी प्रभूकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांस श्रीरामपूरच्या मिशनच्या दफनभूमीत पुरण्यात आले.